मदत हवी आहे: काका सात वर्षांहून अधिक बेपत्ता, मृत्यूची तारीख कोणती धरतात?

नमस्कार. काकूंसाठी विचारतेय. आम्ही नागपूरला, महालात राहतो.

डिसेंबर २०१६ मध्ये काका पहाटे सायकलने कॉटन मार्केटला भाजी आणायला गेले, ते परतलेच नाहीत. सायकल स्टँडवर कुलूप लावलेली मिळाली, हँडलला रिकामी पिशवी. मिसिंगची तक्रार लगेच दिली होती. 'मिळून आले नाहीत' असं पोलिसांचं पत्रही आहे. काकू आजही मंगळसूत्र काढत नाहीत आणि त्यांना कुणी तसं सुचवावं, असं मला वाटत नाही. पण बँक मृत्यूचा दाखला मागते आणि मुलीची फी थांबलीय.

जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०८, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १११, मी वाचलं. ज्यांना एरवी खबर मिळाली असती त्यांना सात वर्षं काहीच कळलं नसेल, तर माणूस जिवंत आहे हे तसं म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं. मग मृत्यू २०१६ चाच धरतील ना? विम्याचे हप्ते २०१८ पासून थकलेत, पॉलिसी बंद पडली म्हणतात.

प्रतिसाद: ताई, इथेच बहुतेकांची फसगत होते. गृहीतक फक्त मृत्यूचं आहे, तारखेचं नाही. जीवन विमा महामंडळ विरुद्ध अनुराधा या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर हाच पेच होता. अमुक दिवशी मृत्यू झाला असं म्हणणाऱ्याने ते पुराव्याने दाखवायचं, आणि दावा करेपर्यंत हप्ते भरून पॉलिसी चालू ठेवायची, असं कोर्टाने म्हटलं. त्यामुळे पूर्ण रकमेची आशा कमी. पेड-अप रक्कम, म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात मिळणारी कमी रक्कम, निघते का, हे पॉलिसीच्या अटींत आधी बघा.

बँकेचं काम मात्र व्हायला हवं. दिवाणी न्यायालयात मृत्यू जाहीर करून मागण्याचा दावा लावा, विमा कंपनी आणि बँकेलाही प्रतिवादी करा. पोलिसांचं पत्र, पेपरातली जाहीर नोटीस आणि नातेवाइकांच्या साक्षी लागतील. हुकूमनामा मिळाला की दाखल्यासाठी महापालिकेत अर्ज. सायकल सापडल्याचा पंचनामा असेल तर त्याची नक्कल आजच मागा, जुनी कागदपत्रं पुढे मिळत नाहीत.

धागाकर्ती: खूप आभार. आत्या उमरेडला असतात, काका दर राखीला त्यांच्याकडे जायचे. त्यांची साक्ष चालेल?

प्रतिसाद: चालेल काय, सगळ्यात वजनदार तीच. काका असते तर खबर पहिली त्यांना लागली असती.