मदत हवी आहे: ओव्हरक्लॉक केल्यापासून व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना पीसी मध्येच बंद पडतोय

सुदामानगरवाला (इंदूर), गुरुवार रात्री 11:40
पहिल्यांदाच प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलाय, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवतोय. बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन वेग 4.6 गिगाहर्ट्झ केला. विंडोज व्यवस्थित सुरू होतं, गाणी, ब्राउझर सगळं चालतं. पण एडिट केलेल्या व्हिडिओची फायनल फाइल बनवायला, म्हणजे एक्स्पोर्टला लावलं की पंधरा-वीस मिनिटांत फटकन बंद. निळा पडदा नाही, एरर नाही, सरळ काळं. आज चार वेळा झालं. एका मुंजीचा दोन तासांचा व्हिडिओ रविवारी सकाळी द्यायचाय, घरची मंडळी रोज फोन करताहेत. कोणतं सेटिंग बदलायचं तेवढंच सांगा, लवकर.

टिळकनगर_पीसी
प्रोसेसर कोणता? बोर्ड कोणता? व्होल्टेज किती दिलंत? तापमान किती जातंय? एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कोणता? यातलं काहीच लिहिलं नाहीत, कशावरून सांगायचं?

सुदामानगरवाला
रायझन 5 5600. बोर्ड बी550. रॅम 16 जीबी. कूलर कंपनीचाच आहे, वेगळा लावलेला नाही.

लष्कर_ग्वाल्हेर
कंपनीचा कूलर असला तरी त्याच्या ताट्या दर उन्हाळ्यात बदलाव्या लागतात. आमच्याकडे खसच्या ताट्या आहेत, मे महिन्यात दुपारीसुद्धा खोली गार राहते. पंप नीट पाणी चढवतोय का ते बघा. आणि कूलर खिडकीबाहेर हवा, खोलीत ठेवला तर नुसता दमटपणा वाढतो.

टिळकनगर_पीसी
काका, ते प्रोसेसरवरच्या पंख्याबद्दल बोलताहेत, खोलीतल्या कूलरबद्दल नाही. सुदामानगरवाला, व्होल्टेज आणि तापमान अजून राहिलंय.

दांडियाबाजार (वडोदरा)
तापमान विचारायची गरजच नाही. 5600 सोबत येतो तो रेथ स्टेल्थ, छोटा ॲल्युमिनियमचा. तो मूळ 65 वॉटच्या सेटिंगसाठी आहे. मी 240 एमएमचा लिक्विड कूलर लावला आणि सगळा प्रश्न मिटला. तुम्हीही तेच करा.

टिळकनगर_पीसी
रविवारी व्हिडिओ द्यायचाय त्यांना. लिक्विड कूलर मागवून बसवून होईपर्यंत सोमवार उजाडेल. आणि एवढ्याशा प्रोसेसरला लिक्विड कशाला? एका टॉवरच्या चांगल्या एअर कूलरने काम होतं, गळण्याची भीती नाही.

दांडियाबाजार
तीन वर्षं वापरतोय, थेंबभर गळला नाही. न वापरताच लोक भीती घालतात.

नवीन_वापरकर्ता_देवास
मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे ऑफिसचा आय5-12400 आहे. त्यालाही असंच 4.6 करता येईल का?

सुदामानगरवाला
कृपया माझं आधी संपू द्या. व्होल्टेज 1.40 दिलंय. एका व्हिडिओत तसं दाखवलं होतं. तापमान कुठे बघायचं माहीत नाही.

रामबागकर (इंदूर)
1.40? भिया, आधी ते काढा, मग बाकीचं बोलू.

प्रोसेसरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या सरळ प्रमाणात. आधी साधारण 1.20 वर चालत होता असं धरा. 1.40 म्हणजे नुसत्या व्होल्टेजमुळे 36 टक्के जास्त, वर वेगाचे चार-पाच टक्के. एकूण 40 टक्क्यांहून जास्त उष्णता, तीही त्या छोट्या कूलरवर, इंदूरच्या मे महिन्यात. गाणी ऐकताना कळत नाही कारण तेव्हा प्रोसेसर जवळजवळ रिकामा असतो. एक्स्पोर्टमध्ये सहाही कोर सलग राबतात. व्हिडिओ बनवणाऱ्याचा प्रोसेसर, कूलर, खोली, सगळं वेगळं असणार.

आता हिशोब बघा. तुमचा 5600 मुळातच 4.4 पर्यंत स्वतःहून चढतो. 4.6 म्हणजे फार तर साडेचार टक्के वाढ. 80 मिनिटांच्या एक्स्पोर्टमधून जेमतेम साडेतीन मिनिटं वाचतील, त्यासाठी चार वेळा पूर्ण काम वाया गेलं. शिवाय ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही.

बायोसमध्ये 'लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स' करा, सगळी सेटिंग मूळ जागी येतील. कधी डिस्प्लेच आला नाही तर प्लग काढून बोर्डवरचा नाण्यासारखा सीआर2032 सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर टाका. या प्रोसेसरची मर्यादा 90 अंश आहे.

विद्युत_अभियंता_उज्जैन
सरळ काळं होतंय म्हणजे एसएमपीएससुद्धा असू शकतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेला असेल तर लोड वाढला की तो हात वर करतो. आणि यूपीएस आहे का? उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज खाली-वर होतं, मी घरात स्टॅबिलायझर लावल्यापासून फ्रिजसुद्धा...

लष्कर_ग्वाल्हेर
खरंय. पण इंदूरच्या रात्री पूर्वी किती गार असायच्या! लहानपणी मामाकडे यायचो तेव्हा मे महिन्यातही गच्चीवर पहाटे चादर ओढून घ्यावी लागायची. माळव्यातली रात्र म्हणजे रात्र.

सुदामानगरवाला (शुक्रवार)
डिफॉल्ट केलं. एक्स्पोर्ट लावून एचडब्ल्यूइन्फो बघितलं, डिफॉल्टवरसुद्धा 89-90 वर जाऊन बसतंय आणि वेग कमी होतोय. पीसी टेबलच्या खालच्या कप्प्यात ठेवलाय, त्याला दार आहे. एसएमपीएस ब्रँडेड 550 वॉटचा आहे.

टिळकनगर_पीसी
दार असलेला कप्पा हे सगळ्यात आधी सांगायचं होतं हो! आतलीच गरम हवा पंखा पुन्हा पुन्हा ओढतोय. बाहेर काढा, बाजूचं पॅनेल उघडा, फोटो टाका.

सुदामानगरवाला
बाहेर काढला. पंख्याखालच्या पट्ट्यांमध्ये करड्या धुळीची घट्ट गादी बसली होती, नखाने ओढली तर एका तुकड्यात चटईसारखी निघाली. दोन वर्षांत उघडलाच नव्हता. पंखा बोटाने धरून ब्रशने साफ केलं. आता 78 वर थांबतंय. पण एक्स्पोर्टला अजून 80 मिनिटं लागताहेत. त्यासाठीच तर हे सगळं सुरू केलं होतं.

रामबागकर
मग खरा प्रश्न ओव्हरक्लॉकिंगचा नव्हताच, एक्स्पोर्टचा होता. सॉफ्टवेअर कोणतं? ग्राफिक्स कार्ड आहे का? रॅम एक पट्टी की दोन?

सुदामानगरवाला
प्रीमियर प्रो. जीटीएक्स 1650. रॅमच्या दोन पट्ट्या, 3200 च्या.

रामबागकर
एक्स्पोर्टच्या खिडकीत 'परफॉर्मन्स'समोर सॉफ्टवेअर एन्कोडिंग दिसत असेल. बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा वापरायचा ते) 'व्हीबीआर 2 पास' असेल, म्हणजे व्हिडिओ दोनदा तपासून बनत असेल, तर 1 पास करा, 2 पासमध्ये हार्डवेअरचा पर्याय मिळतच नाही. मग हार्डवेअर एन्कोडिंग निवडा. ग्राफिक्स कार्डमध्ये या कामासाठी वेगळा भाग असतो, तो आतापर्यंत रिकामा बसलाय. बिटरेट थोडा वाढवून ठेवा, म्हणजे मंडपाच्या झालरी आणि अक्षता उडतात तिथे चित्र फुटणार नाही.

आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग) सुरू आहे का बघा. ते बंद असेल तर 3200 ची रॅम बहुतेक 2133 किंवा 2400 वरच चालत असते. पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात.

दांडियाबाजार
हार्डवेअर एन्कोडिंगने दर्जा पडतो. मी कायम सॉफ्टवेअरच वापरतो.

रामबागकर
त्याच बिटरेटला थोडा फरक पडतो, मान्य. म्हणूनच बिटरेट वाढवायला सांगितला. पेनड्राइव्हवरून टीव्हीवर बघणाऱ्या घरच्यांना तो दिसणार नाही.

सुदामानगरवाला (शनिवार सकाळ)
27 मिनिटं!! पूर्ण झाला. रॅम 2400 वर होती, आता 3200. पीसी टेबलवर ठेवलाय. मातृभोजनाचा भाग मोठ्या टीव्हीवर लावून बघितला, मुलाच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा स्वच्छ दिसतंय. मनापासून आभार, सगळ्यांचे. सोमवारी सिल्व्हर मॉलमधून थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधली) आणून बदलू का?

टिळकनगर_पीसी
बदला, दोन वर्षांची आहे. पण कूलर सरळ वर ओढू नका. तुमच्या बोर्डच्या एएम4 सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, सुकलेल्या पेस्टला चिकटून तो सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं काहीतरी जड चालवून गरम करा, पीसी बंद करून प्लग काढा, चारही स्क्रू थोडे थोडे तिरपे आलटून सोडवा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत उचला.

नवीन_वापरकर्ता_देवास
आता संपलं ना? माझ्या 12400 चं कुणीतरी सांगा.

रामबागकर
तुमचा लॉक्ड आहे, म्हणजे वेग असा वाढवता येत नाही. इंटेलमध्ये त्यासाठी साधारणपणे नावाशेवटी के असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड दोन्ही लागतात. आणि ऑफिसचा पीसी असेल तर हात लावू नका. वेगळा धागा काढा, तुम्हाला नेमकं काय जलद करायचंय ते तिथे लिहा.