मदत हवी आहे: रिमोटचं विमान हातातून सुटलं की नाक वर करून पडून राहिलं, शनिवारी स्पर्धा

टेकऑफ_नागपूर: सोडलं की नाक वर, मग डावा पंख खाली, मग जमीन. चारदा झालं. एलिव्हेटर (शेपटीची आडवी फळी) खाली ट्रिम करून पाहिला, फरक नाही. मोटर ए२२१२, १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाचे फेरे), प्रॉप १०४५ (१० इंची पंखा), थ्री सेल बॅटरी. मोठी मोटर लावू का? लवकर सांगा.

शिसं_नाकात: स्पॅन (पंखाची लांबी), कॉर्ड (पंखाची रुंदी), वजन, सीजी (तोलाचा बिंदू)? मोटर सोडून काहीच नाही सांगितलं भाऊ.

फुल_थ्रॉटल: पॉवर कमी आहे. १४०० केव्ही लाव, सरळ वर जाईल.

शिसं_नाकात: १४०० केव्हीवर थ्री सेल आणि १०४५? ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) जळून जाईल. प्रॉप तरी लहान सांग!

टेकऑफ_नागपूर: स्पॅन १२०, कॉर्ड २० सेमी, डेप्रॉन फोम, ११०० ग्रॅम. सीजी मधातच असेल.

शिसं_नाकात: "असेल" नको. पंखाखाली दोन बोटं लावून तोल पाहा, बॅटरीसकट. पुढच्या कडेपासून किती?

लायपो_काका: चार्ज बॅटरी उन्हात गाडीत ठेवू नका, फुगते. ठेवायची असेल तर सेलमागे ३.८ व्होल्ट.

फुल_थ्रॉटल: काका, हे कोणी विचारलं?

टेकऑफ_नागपूर: साडेआठ सेमी. सर्व्हो (शेपटीच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटर) दोन्ही शेपटीत, ९ ग्रॅमवाले.

शिसं_नाकात: मग मोटर बदलू नको. सीजी कॉर्डच्या ४२ टक्क्यांवर आहे, ६ सेमीच्या मागे नको. इतकं मागे असलं की नाक वर उचललं जातं आणि आणखीच उचलत जातं, ट्रिमनं काय होणार? बॅटरी १५ सेमी पुढे घे.

टेकऑफ_नागपूर: १० च्या वर जागा नाही.

शिसं_नाकात: १८५ ग्रॅमची बॅटरी १० सेमी सरकली की सीजी १.७ सेमी पुढे. सर्व्हो ५० सेमी पुढे आणून पुशरॉड (शेपटीपर्यंत जाणारी काडी) टाक, ०.८ मिळेल. झालं अडीच. शिसं नको, आधीच जड आहे. मोटरचं तोंड २ अंश खाली, २ अंश उजवीकडे.

पंखा_फिरव: आणि जोरात फेक, वाऱ्याकडे तोंड करून. ४४ डिग्रीत हवा विरळ. एवढ्या वजनाला ताशी ३० किमीच्या आसपास स्टॉल (पंखाची उचल जाणं) होणारच. डाव्या पंखाचं तेच कारण.

टेकऑफ_नागपूर: सर्व्हो फेविक्विकनं चिकटवू?

शिसं_नाकात: डेप्रॉन विरघळेल बे! फोम-सेफवालं घे, नाहीतर इपॉक्सी.

लायपो_काका: ग्लू गननं करू नका, उन्हात सुटते.