लाटणे मोर्चा आणि थाळीनाद

समाजवाद्यांच्या मोर्चात तेच ते झब्बेवाले कार्यकर्ते असायचे, असं एक मत आहे; ते मुंबईपुरतं तरी साफ चुकीचं आहे. १९७२ च्या दुष्काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा समाजवादी-कम्युनिस्ट बायकांनी एकत्र येऊन महागाईविरोधी समिती उभारली. तेल, रॉकेल, साखरेसाठी चाळीचाळींतल्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या.

याच आंदोलनाचा दुसरा भाग म्हणजे थाळीनाद. ज्यांना मोर्चाला येणं जमत नसे त्यांनी ठरल्या वेळी घरूनच थाळ्या वाजवायच्या. गोरेगावची माझी आजी कधी सभेला गेली नाही, पण गॅलरीत उभी राहून पितळी परात पळीने बडवायची आणि समोरच्या चाळीतून लगेच जबाब यायचा. घरचे पुरुष विरोधात असले तरी ती थांबायची नाही.