बोर्डो रवाळ होतंय, नोझल तुंबतंय : मोरचूद आणि चुन्याचा गाळ नेमका कसा हवा?

द्राक्षबाग_तेलसंग (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अथणी तालुक्यात तेलसंगच्या बाजूला द्राक्षबाग आहे. केवडा (डाउनी मिल्ड्यू) या रोगासाठी १ टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, करतोय. २०० लिटरचं बॅरल, २ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), २ किलो चुना. पद्धत अशी: बॅरल पाण्यानं भरायचं, त्यात मोरचूद विरघळवायचा, मग वरून चुन्याची पावडर टाकून काठीनं ढवळायचं. चुना रंगकामाच्या पिशवीतला, गेल्या वर्षीचा.

होतं असं की रंग आकाशी न येता हिरवट येतो, हाताला रवाळ लागतं, दहा मिनिटांत सगळं तळाला बसतं आणि ब्लोअरची नोझल सारखी तुंबतात. दोन ओळींत कोवळ्या पानांच्या कडाही करपल्या.

मोरचूद पाण्यात पूर्ण विरघळतो, चुन्याचंही पाणी होतं. दोन्ही पाणीच, मग एकत्र केल्यावर गाळ येतो कुठून? आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी मारलं तर चालतं का? त्यातच मँकोझेब हे बुरशीनाशक टाकून एकाच फवाऱ्यात काम उरकावं असंही मनात आहे.

रसायन_चिकोडी

दादा, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलीय, तिथंच गोम आहे. मोरचुदाचं द्रावण होतं हे खरं. २० अंशाला १०० मिली पाण्यात तो ३० ग्रॅमच्या वर विरघळतो, तेव्हा २ किलोला १०० लिटर पाणी भरपूर झालं. निळं पण आरपार दिसणारं, कितीही वेळ ठेवलं तरी तळाला काही न बसणारं, फडक्यातून गाळलं तरी निळंच राहणारं. हे खरं द्रावण.

चुन्याचं तसं नाही. विरी गेलेला (पाणी टाकून फोडलेला) चुना २० अंशाला लिटरभर पाण्यात जेमतेम १.७ ग्रॅम विरघळतो. म्हणजे १०० लिटरमध्ये २ किलो टाकला तर विरघळतो साधारण १७० ग्रॅम. बाकीचा पावणेदोन किलोच्या वर चुना बारीक कणांच्या रूपात नुसता तरंगत असतो. हे निलंबन. निवळी वर आणि गाळ खाली, असं ते थोड्या वेळात वेगळं होणारच. पाणी गरम केलं तर चुना जास्त विरघळेल असं वाटतं, पण इथं उलटं आहे. पाणी तापलं की चुना आणखी कमी विरघळतो.

आता दोन्ही एकत्र आले की काय होतं? मोरचुदातलं तांबं पाण्यात सुटं फिरत असतं. चुन्यानं पाणी अल्कधर्मी झालेलं असतं. दोन्ही भेटले की तांब्याचा न विरघळणारा अल्कधर्मी क्षार तयार होतो, आणि तोच तुमचा गाळ. बोर्डोत गाळ यायलाच हवा. तांबं विरघळलेलं राहिलं तर पानात शिरून पान जाळतं. गाळाच्या रूपात पानावर चिकटून बसलं तर दवात, पावसाच्या पाण्यात थोडं थोडं सुटतं आणि बुरशीचे बीजाणू रुजू देत नाही. मिलार्देनं १८८५ मध्ये फ्रान्सच्या बोर्डो भागात हे मिश्रण केवड्यासाठी मांडलं, ते याच गुणावर.

प्रश्न आहे तो गाळ किती बारीक यावा याचा. मोरचुदाच्या पाण्यात चुना टाकला की सुरुवातीला सगळीकडे तांबं जास्त आणि चुना कमी असतो. अशा आम्लधर्मी पाण्यात हिरवट, जाड कणांचा क्षार बनतो, आणि एकदा जाड झालेला कण नंतर कितीही ढवळलं तरी बारीक होत नाही. उलट, चुन्याच्या पातळ दुधात मोरचुदाचं पातळ पाणी बारीक धारेनं सोडलं तर प्रत्येक थेंबाला चुना जास्तच भेटतो. मग जेलीसारखा, आकाशी, अगदी तलम गाळ येतो. तो तासन्‌तास तरंगतो आणि पानाला चिकटतो. तुमचा हिरवा रंग, रवाळपणा आणि करपलेल्या कडा ही तिन्ही लक्षणं एकाच दोषाची आहेत: चुना कमी पडला आणि उलट्या क्रमानं पडला.

फवारणी_अण्णा

सरांनी कारण सांगितलं, मी कृती सांगतो. २०० लिटर, १ टक्का.

मोरचूद २ किलो सुती कापडात पुरचुंडी बांधून प्लॅस्टिकच्या बॅरलात, १०० लिटर पाण्यात, वरच्या पातळीला बुडेल अशी काठीला टांगून रात्रभर ठेवा. तळाशी ओतू नका. विरघळलेलं निळं पाणी जड असतं, ते खाली बसतं आणि खड्यांभोवती घट्ट थर होऊन पुढचं विरघळणं थांबतं. वर टांगलं की जड पाणी आपोआप खाली उतरतं आणि खड्यांना सतत नवं पाणी मिळतं. सकाळी पुरचुंडी रिकामी दिसेल. घाई असेल तर पाच लिटर गरम पाण्यात विरघळवून मग थंड पाणी घाला.

चुना शक्यतो कळीचा (पाणी न लागलेला, ढेकळांचा) घ्या, गुऱ्हाळाला नेतात तोच. मातीच्या भांड्यात २ किलो ढेकळं ठेवून थोडं थोडं पाणी शिंपडा. तो उकळतो, तडतडतो, वाफ येते. तोंड लांब ठेवा, चष्मा लावा, पोरांना जवळ येऊ देऊ नका. डोळ्यात उडालेला चुना नजर घालवू शकतो. उडालाच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवत राहा आणि डॉक्टरकडे जा. ढेकळं फुटून लोण्यासारखा लगदा झाला की पाणी घालून दूध करा, नायलॉनच्या बारीक जाळीतून दोनदा गाळा आणि १०० लिटरपर्यंत भरा. जाळीवर राहिलेले खडे फेकून द्या, नोझल तुंबवणारे निम्मे खडे तेच असतात.

मग हे दूध पूर्ण थंड होऊ द्या. गरम चुन्यात मोरचूद ओतला तर गाळ जाड येतो, जास्त गरम असेल तर काळपट पडतो.

शेवटी चुन्याचं दूध २०० लिटरच्या प्लॅस्टिक बॅरलात घ्या, एकानं सतत ढवळायचं, दुसऱ्यानं मोरचुदाचं पाणी बारीक धारेनं सोडायचं. दोन माणसं नसतील तर हे काम सुरू करू नका. दोन्हीच्या धारा एकाच वेळी तिसऱ्या बॅरलात सोडल्या तरी चालतं. फक्त घट्ट मोरचूद आणि घट्ट चुना एकत्र करून मागून पाणी वाढवू नका, त्यानंही कण जाड होतात.

लोखंडी किंवा पत्र्याचं बॅरल अजिबात वापरायचं नाही. मोरचूद लोखंड खातो आणि स्वतःतलं तांबं त्यावर सोडतो. याच गुणाची तपासणी होते: घासून स्वच्छ केलेला खिळा किंवा विळ्याचं पातं मिश्रणात मिनिटभर बुडवा. तांबूस झालं तर सुटं तांबं शिल्लक आहे, आणखी चुन्याचं दूध घाला. पण खिळा थोडक्यासाठी चुकवू शकतो, म्हणून लिटमसही ठेवा. निळा कागद लाल झाला तर फवारू नका. लाल कागद हलका निळा झाला की मिश्रण बरोबर.

उरलेलं दुसऱ्या दिवशी मारायचं नाही. रात्रीत तलम गाळाचे स्फटिक होतात, चिकटपणा जातो, पहिल्या पावसात पान धुऊन निघतं. जेवढं त्या दिवशी मारायचं तेवढंच करा. आणि मँकोझेब किंवा कुठलंच कीडनाशक त्यात टाकू नका. चुन्याच्या अल्कधर्मी पाण्यात त्यातली बरीच औषधं फुटून निकामी होतात.

कोवळ्या फुटीवर १ टक्का जड जातं, तिथं अर्धा टक्का धरा. ढगाळ, गार हवेत पान सावकाश वाळतं, तेव्हा करपण्याचा धोका वाढतो. आपल्याकडे जून-जुलैत खानापूर-बेळगाव पट्ट्यात हेच होतं.

निपाणीकर_शेती

चुना निम्मा टाकला तरी भागतं. उगाच २ किलो कशाला? पानं पांढरी होतात.

रसायन_चिकोडी

@निपाणीकर_शेती तुमचं म्हणणं कागदावर बरोबर आहे, म्हणून आकडे मांडतो. मोरचुदाचा रेणुभार २५०, विरी गेलेल्या चुन्याचा ७४, कळीच्या चुन्याचा ५६. एका रेणूला एक रेणू धरला तरी २ किलो मोरचुदाला शुद्ध कळीचा चुना सुमारे ४५० ग्रॅम पुरतो, आणि विरी गेलेला ६०० ग्रॅमच्या आत. मग २ किलो का? कारण बाजारातला चुना शुद्ध नसतो आणि पडून राहिला की बिघडतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा परत चुनखडीसारखा कार्बोनेट होतो. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि मोरचुदाचं आम्ल मारायला फारच सावकाश धावतो. गेल्या वर्षीच्या उघड्या पिशवीत २ किलोपैकी कामाचा चुना किती उरलाय हे वजनकाटा सांगत नाही. तेलसंगच्या दादांचं नेमकं तिथंच अडलंय.

ताजा कळीचा चुना असेल तर निम्म्यापासून सुरू करून लिटमस बघत वाढवायला हरकत नाही. जास्तीचा चुना पानावर पांढरा थर करतो, तांबं सुटायला उशीर लावतो, पण पान जाळत नाही. कमी पडलेला चुना जाळतो. चूक करायचीच झाली तर कुठल्या बाजूला करायची हे यावरून ठरवा.

चुना ताजा आहे का हे दोन मिनिटांत कळतं. चमचाभर चुना थोड्या पाण्यात कालवून त्यावर लिंबू पिळा. जोरात बुडबुडे आले तर बराच कार्बोनेट झालाय, तो भिंतीला लावा. कळीच्या ढेकळावर पाणी टाकल्यावर ते तापून फुटलं नाही, तरी तेच समजा.

द्राक्षबाग_तेलसंग

लिंबू पिळून पाहिलं, सोडा उघडल्यागत फसफसलं. चुना बदलतो. आणखी एक: याच बॅरलात ड्रिपची खतंही कालवतो. कॅल्शियम नायट्रेट ५ किलो आणि मॅग्नेशियम सल्फेट ५ किलो एकत्र टाकलं तर पाणी आधी स्वच्छ दिसतं, पण ड्रिपर बंद पडायला लागलेत. बोअरचं पाणी जड आहे. हेही तसंच काही आहे का?

ठिबक_रायबाग

गाळच आहे, पण इथं तो नको. कॅल्शियम आणि सल्फेट भेटले की जिप्सम होतं. जिप्सम लिटरला सुमारे २.४ ग्रॅमच विरघळतं. तुमच्या मापानं त्या बॅरलात साडेतीन किलोच्या आसपास जिप्सम तयार होऊ शकतं आणि २०० लिटरमध्ये मावतं अर्धा किलो. उरलेले तीन किलो कुठंतरी बसणारच. फसवणारी गोष्ट ही की जिप्सम लगेच खाली बसत नाही. पाणी सुरुवातीला स्वच्छ दिसतं आणि स्फटिक पुढं लॅटरलमध्ये (ठिबकच्या नळीत) वाढतात. ॲसिड सोडूनही ते फारसं निघत नाही. ॲसिडनं कार्बोनेटचा आणि फॉस्फेटचा थर सुटतो, जिप्समचा नाही. टोकाच्या कॅप काढून दाबानं फ्लश करणं, फार झालं तर ड्रिपर बदलणं, एवढंच हातात राहतं.

म्हणून कॅल्शियम नायट्रेट एकटंच सोडा. ज्यात सल्फेट किंवा फॉस्फेट आहे ते, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट), १२:६१:० (मोनो अमोनियम फॉस्फेट), दुसऱ्या दिवशी. मध्ये लाइन साध्या पाण्यानं धुवा. जड पाण्यात १२:६१:० सुद्धा गढूळ होऊ शकतं, कारण कॅल्शियम पाण्यातच आहे.

कुठलीही जोडी पहिल्यांदा करताना त्याच बोअरचं एक लिटर पाणी पारदर्शक बाटलीत घ्या. २०० लिटरला ५ किलो म्हणजे लिटरला २५ ग्रॅम, याच मापानं दोन्ही खतं टाका, हलवा आणि दोन तास ठेवा. मग अंधारात बाजूनं बॅटरी मारा. प्रकाशाचा पट्टा दिसला, ढग आला किंवा तळाला बसलं, तर टाकीत टाकू नका.

०:०:५० आणि १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) बद्दलही एक सांगतो. ०:०:५० लिटरला २० अंशाला ११० ग्रॅमच्या आसपासच विरघळतं. १३:०:४५ तीनशेच्या वर जातं, पण विरघळताना पाणी गार करतं आणि गार पाण्यात तेच दोनशेवर येतं. २० लिटरच्या बादलीत ५ किलो ओतलं की बादली बाहेरून ओली होते आणि तळाशी दाणे राहतात. ते खत खराब नसतं. पाणी वाढवा, अर्धा तास थांबा, परत ढवळा. डिसेंबर-जानेवारीत रात्री घट्ट करून ठेवलेलं द्रावण सकाळी सुयांसारखं गोठलेलं दिसलं तरी गाळून फेकू नका, तुमचं पालाश त्या सुयांतच आहे.

आणि बोर्डोचं बॅरल खतासाठी वापरू नका. कडेला चिकटलेला चुना हा कॅल्शियमच आहे. वापरायचंच असेल तर आधी पातळ व्हिनेगरनं घासा, निळा-पांढरा थर विरघळून जाईल, मग दोनदा पाण्यानं धुवा. ब्लोअरची पितळी नोझल व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवू नका, दहा मिनिटं पुरतात.