कोरकू मुलांचे मराठी लेखन: चुका किती आणि कशा दुरुस्त कराव्यात?

प्रश्न: शिक्षिका, धारणी तालुका
मेळघाटातील एका शाळेत मी चौथीला शिकवते. वर्गातली बहुतेक मुले घरी कोरकू बोलतात. मराठी त्यांच्या कानांवर पडते ती मुख्यतः शाळेत. फळ्यावरचे ती सुवाच्य अक्षरात उतरवून घेतात, परंतु मनाने चार ओळी लिहायला सांगितल्या की अडतात. मध्यंतरी एका मुलीने मोहफुले वेचण्यावर पानभर लिहिले होते. ‘आई पहाटे गेला’, ‘टोपली भरला’ अशा प्रत्येक वाक्याला मी लाल गोल केला. पुढच्या वेळी तिने तीनच वाक्ये लिहिली आणि तीही पाठ्यपुस्तकातली. ती वही अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. चुका सोडल्या तर त्या पक्क्या होतील आणि खोडल्या तर मूल लिहिणेच सोडेल. यातून मार्ग कसा काढावा?

उत्तर १: भाषेचा अभ्यासक
ताई, ‘आई गेला’ हा निष्काळजीपणा नाही. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असून तिच्यात नामांचा भेद सजीव-निर्जीव असा होतो. मराठीतील तीन लिंगे तिच्यात नाहीत. उलट मराठीत नसलेले द्विवचन तिच्यात आहे. या मुलीने कर्ता, काळ आणि शब्दक्रम अचूक साधला आहे, अडली ती फक्त लिंगापाशी. शिकणाऱ्याच्या चुकांमधून त्याच्या मनात तयार होत असलेली नियमांची व्यवस्था दिसते, असे ब्रिटिश भाषातज्ज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच मांडले होते.

उत्तर २: शिक्षक, नंदुरबार जिल्हा
माझ्या वर्गात पावरी बोलणारी मुले आहेत. मी लिहिण्याआधी विषयावर त्यांना त्यांच्याच भाषेत भरपूर बोलू देतो, लागणारे मराठी शब्द त्यांच्याकडून काढून फळ्यावर मांडतो, मग सर्वांनी मिळून पाच-सहा वाक्ये रचतो आणि त्यानंतरच वही उघडायला सांगतो. पहिल्या वाचनात लाल पेन हातात घेत नाही. मजकुराविषयी एखादा प्रश्न तेवढा समासात लिहितो, जसे ‘टोपली घरी कोणी आणली?’ पुढच्या खेपेला मूल त्या प्रश्नाचे उत्तर लिहून आणते आणि मजकूर आपोआप वाढतो.

उत्तर ३: निवृत्त मुख्याध्यापक
सरांची रीत मला मान्य आहे, पण लिंगाची ओळख नुसत्या बोलण्यातून होईल यावर मी विसंबणार नाही. नवा शब्द ‘नदी’ असा एकटा न देता ‘ती नदी’, ‘तो डोंगर’, ‘ते झाड’ असाच द्यावा आणि भिंतीवरही तसाच लावावा. एका आठवड्यात एकच चूक धरावी आणि ती मुलाने स्वतःच्या वहीत स्वतः शोधावी. बाकीच्या तेवढ्यापुरत्या राहू द्याव्यात.

शिक्षिका, धारणी तालुका
सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी त्या मुलीला मोहफुलांविषयी आधी कोरकूत सांगायला लावले. ती दहा मिनिटे बोलत होती आणि वर्ग ऐकत होता. नंतर तिने नऊ वाक्ये लिहिली. ‘टोपली भरला’ त्यात पुन्हा आले आहे. या आठवड्यात तेवढेच धरणार आहे.