बी-एम एम्युलेटरचं डेबियन पॅकेज करतोय, एकॉर्नच्या रॉमचं काय करायचं?

उद्यमनगर_८बिट

मंडळी, कोल्हापुरातल्या एका शाळेत सरकारच्या शालेय संगणक शिक्षणाच्या 'क्लास' प्रकल्पातून आलेले बीबीसी मायक्रो (एकॉर्न कंपनीचे १९८० च्या दशकातले संगणक) अजून जपून ठेवलेत. लॅबमधल्या मशीनवर डेबियन १२ (लिनक्स) आहे. त्यावर बी-एम, म्हणजे बीबीसी मायक्रोची नक्कल करणारा एम्युलेटर, बसवून मुलांना तेच बेसिक चालवून दाखवायचं आहे. त्यासाठी डेब पॅकेज करायला घेतलंय, आणि नीट जमलं तर डेबियनच्या आर्काइव्हलाच द्यायचं आहे.

अडलंय ते परवान्यापाशी. बी-एमचा कोड जीपीएल आवृत्ती २ या मुक्त परवान्याखाली आहे. पण मूळ टारबॉलमध्येच (सोर्सच्या गठ्ठ्यातच) 'रॉम्स' नावाचा फोल्डर येतो आणि त्यात मशीनच्या चिपमधल्या सॉफ्टवेअरच्या प्रती, म्हणजे एमओएस १.२० (ऑपरेटिंग सिस्टिम), बेसिक २, डीएफएस (डिस्क हाताळणारी प्रणाली) वगैरे सगळं आहे. एकॉर्ननं ते वाटायला परवानगी दिल्याचं मला कुठं सापडलं नाही. बायनरी पॅकेजमध्ये रॉम घातल्या नाहीत, नुसत्या सोर्समध्ये राहिल्या, तर चालतं का? की स्पेक्ट्रम या दुसऱ्या जुन्या संगणकाच्या रॉमसारखं वेगळं पॅकेज करून डेबियनच्या नॉन-फ्री विभागात टाकायचं? आणि शाळेच्या प्रदर्शनात पेनड्राइव्हवर सगळं एकत्र देता येईल का? यंत्रं चाळीस वर्षं जुनी, कंपनी कधीच बंद पडली, आता कोण विचारतंय, असं शाळेतले लोक म्हणतात. मला ठोस उत्तर हवंय.

पॅकेजवाला_राजारामपुरी

भावा, सोर्समध्ये राहिल्या तरी चालत नाही. डेबियन बायनरीबरोबर सोर्स पॅकेजही वाटतं, त्यामुळं 'मेन' (पूर्ण मुक्त सॉफ्टवेअर) आणि 'काँट्रिब' (स्वतः मुक्त, पण चालायला बाहेरचं काही लागणारं) या दोन्ही विभागांचे नियम टारबॉलमधल्या प्रत्येक फाइलला लागू होतात. नवीन पॅकेज तपासणीच्या 'न्यू' रांगेत गेलं की आर्काइव्ह सांभाळणारी एफटीपी-मास्टर मंडळी कॉपीराइट फाइल आणि टारबॉल ताडून बघतात. परवाना नसलेली एक फाइल सापडली तरी पॅकेज परत येतं.

टारबॉल हातानं उघडून पुन्हा बांधू नका, पुढच्या प्रत्येक आवृत्तीला तेच करत बसावं लागेल. डेबियन फोल्डरमधल्या कॉपीराइट फाइलच्या पहिल्या परिच्छेदात 'फाइल्स-एक्स्क्लूडेड' ही ओळ घाला आणि तिच्यात रॉम्स फोल्डर लिहा. वॉच फाइलमध्ये (ती वाचून युस्कॅन हे साधन मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती शोधतं) रिपॅक-सफिक्स म्हणून '+डीएफएसजी' (डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअर नियमांचं लघुरूप) द्या आणि डी-व्हर्जन-मँगल लावून तोच प्रत्यय तुलनेतून वगळा, नाहीतर युस्कॅनची आवृत्त्यांची तुलना चुकत राहील. मग युस्कॅन स्वतःच रॉम काढून स्वच्छ टारबॉल तयार करतं. परवान्यामुळं काढलं तर 'डीएफएसजी', दुसऱ्या कारणानं काढलं तर 'डीएस', असा संकेत आहे. इथं डीएफएसजीच.

यात एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. अपस्ट्रीमची (मूळ प्रकल्पाची) गिट हिस्टरी आपल्या रेपॉझिटरीत ओढून घेतली आणि ती सालसावर (डेबियनच्या गिट सर्व्हरवर) पुश केली, तर टारबॉल कितीही स्वच्छ असला तरी जुन्या कमिटमधून रॉम वाटल्या जातातच. म्हणून जीबीपी (गिट-बिल्डपॅकेज) या साधनानं फक्त गाळलेला टारबॉल आयात करा, अपस्ट्रीमचा टॅग जोडू नका.

आता नॉन-फ्रीचं. नॉन-फ्री म्हणजे 'परवाना नाही' असं नव्हे. वाटायची परवानगी आहे पण बदल करण्यावर किंवा वापरावर अटी आहेत, अशा गोष्टींची ती जागा. १९९९ मध्ये स्पेक्ट्रमचे हक्क असलेल्या ॲमस्ट्रॅडनं जाहीर सांगितलं की कॉपीराइटचा मजकूर न बदलता स्पेक्ट्रमच्या रॉम एम्युलेटरबरोबर द्यायला आमची हरकत नाही, कॉपीराइट मात्र आमचाच. त्या एका संदेशावर स्पेक्ट्रमच्या रॉमचं पॅकेज नॉन-फ्रीमध्ये बसतं. एकॉर्नच्या आठ-बिट रॉमला असा कागद नसेल तर त्या नॉन-फ्रीमध्येसुद्धा जात नाहीत.

म्हणजे तुमचा एम्युलेटर रॉमशिवाय 'काँट्रिब'मध्ये जाईल. 'मेन'मध्ये जायचं तर चालेल अशी एखादी मुक्त रॉम हवी. स्पेक्ट्रमच्या फ्यूज या एम्युलेटरला ओपनएसई बेसिक आहे, अटारी एसटीच्या हटारी या एम्युलेटरला एमुटॉस आहे, दोन्ही जीपीएल. तिथंही डिपेंडन्सीचा क्रम महत्त्वाचा. 'मेन'मधलं पॅकेज बाहेरच्या पॅकेजची शिफारस करू शकत नाही, पण मुक्त पॅकेज आधी लिहून उभ्या रेघेनंतर पर्याय म्हणून नॉन-फ्रीचं नाव देता येतं. क्रम उलटा केला की पॉलिसी मोडली. नुसत्या 'सजेस्ट्स'ला ही आडकाठी नाही.

पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्टमधून कुठल्यातरी साइटवरून रॉम उतरवून घ्यायची युक्ती करू नका. काँट्रिबमध्ये अशी इन्स्टॉलर पॅकेजं आहेत, पण जिथून उतरवायचं तिथं ते कायदेशीर ठेवलेलं असावं लागतं.

कलम_टाउनहॉल

'कंपनी बंद पडली, आता कोण विचारतंय' याला कायद्यात आधार नाही. कंपनी मोडली तरी हक्क कुणाकडे तरी हस्तांतरित झालेले असतात. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार संगणक प्रोग्रॅम ही 'साहित्यकृती' धरली जाते, आणि तिची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. १९८० च्या दशकातलं काहीही इतक्यात मोकळं होत नाही.

कलम ५२(१)(एए) मात्र तुमच्या उपयोगाचं आहे. प्रोग्रॅमची प्रत ज्याच्या ताब्यात कायदेशीररीत्या आहे, तो त्या प्रतीवरून, ती ज्या कामासाठी दिली होती त्या कामासाठी, नक्कल किंवा रूपांतर करू शकतो. नुकसानीपासून बचाव म्हणून बॅकअपही काढू शकतो. शाळेकडे मूळ चिप आहेत, म्हणजे शाळेनं स्वतःच्या चिपमधून काढलेली प्रत शाळेत वापरणं, याची बाजू भक्कम मांडता येते. शिवाय ५२(१)(आय) मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेली नक्कल येते. दिल्ली विद्यापीठातल्या फोटोकॉपी दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये त्या तरतुदीचा अर्थ बराच व्यापक लावला होता.

प्रदर्शनाला आलेल्या पाहुण्याच्या हातात रॉम असलेला पेनड्राइव्ह देणं यांपैकी कशातच बसत नाही. ते सरळ वाटप झालं. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणाऱ्यालाही कलम ६३बी आहे : किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंदा किंवा नफा नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून कैद टाळू शकतं, पण शाळेला त्या वाटेला जायचं कारणच काय?

उद्यमनगर_८बिट

दोघांचेही आभार. आणखी दोन शंका. एकॉर्नचीच नंतरची प्रणाली रिस्क ओएस २०१८ मध्ये अपाची २.० परवान्याखाली खुली झाली आणि मायक्रोसॉफ्टनं ६५०२ (बीबीसी मायक्रोतला प्रोसेसर) चं बेसिक एमआयटी परवान्याखाली दिलं. यातलं काही बीबीसीच्या रॉमला लागू पडतं का? आणि शाळेच्या चिपमधून प्रत काढायची कशी?

पॅकेजवाला_राजारामपुरी

दोन्ही लागू नाही. अपाचीखाली आलं ते रिस्क ओएस ५, म्हणजे एआरएमवरची प्रणाली. आठ-बिट एमओएस त्यात नाही. आणि बीबीसी बेसिक एकॉर्नमध्ये सोफी विल्सन यांनी लिहिलं, त्याचा मायक्रोसॉफ्टच्या कोडशी संबंध नाही. कमोडोरवाल्यांनीही त्या एमआयटीवर विसंबू नये. कमोडोर ६४ च्या रॉममधले कमोडोरनं केलेले बदल आणि कर्नल (त्याची मूळ प्रणाली) त्यात येत नाहीत.

परवाना नेमका कशाला दिलाय हे शब्दशः वाचायची सवय ठेवा. सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमला २००१ मध्ये दिलेली परवानगी एका ठरावीक वेबसाइटपुरती आहे की सगळ्यांना, यावर वर्षानुवर्षं वाद होता. २०२२ मध्ये हक्कधारकानं वापर, वाटप आणि बदल सगळ्यांना खुले आहेत असं स्पष्ट लिहून दिलं, तेव्हा कुठं तो मिटला.

बी-एमच्या बाबतीत रॉम सोडून बाकीचे फोल्डरही तपासा. फ्लॉपी ड्राइव्हच्या आवाजाच्या फाइली, फाँट, डिस्क इमेज, दुसऱ्या प्रोजेक्टमधून उचललेले सीपीयू कोअर (प्रोसेसरची नक्कल करणारा कोड). लायसन्सचेक चालवा, पण त्यावर थांबू नका. ते फाइलीच्या डोक्यावरचा मजकूर वाचतं, 'फक्त बिगर-व्यावसायिक वापरासाठी' अशी ओळ कुठल्यातरी रीडमीत दडलेली असते. मेम या गेम-यंत्रांच्या एम्युलेटरचा बराच कोड २०१६ पर्यंत अशाच अटीखाली होता, आणि त्या काळात उचललेले कोअर जुन्या अटीसकट अजून इतरत्र फिरतायत. जीपीएलच्या कोडला असा कोअर जोडला की तयार झालेली बायनरी नॉन-फ्रीतसुद्धा वाटता येत नाही, कारण जीपीएल जादा अट मान्यच करत नाही. उपाय दोनच, मेमच्या नव्या आवृत्तीतून बीएसडी ३-क्लॉजचा कोअर घेणं किंवा मूळ लेखकाकडून लेखी परवाना मिळवणं.

सोल्डर_शिवाजीपेठ

मशीन बरीच वर्षं बंद असेल तर लगेच चालू करू नका. पॉवर सप्लायमधले रिफा कंपनीचे पारदर्शक फिल्टर कपॅसिटर तडकलेले असतात आणि थोड्या वेळात धूर निघतो. ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे एक्स२ दर्जाचे नवे घाला.

आत काय आहे हे मशीन उघडायच्या आधीच कळतं. चालू झाल्यावर 'रिपोर्ट' टाइप करून एंटर दाबा. कॉपीराइटच्या ओळीत १९८२ आलं तर बेसिक २, १९८१ आलं तर बेसिक १. 'स्टार हेल्प' (*HELP) दिलं की एमओएसची आवृत्ती दिसते.

प्रत काढायला चिप सॉकेटमधून काढून टीएल८६६ सारख्या प्रोग्रॅमरवर वाचा. एमओएस आयसी ५१ या सॉकेटमध्ये असतो, बेसिक सहसा आयसी ५२ मध्ये. चिपचा प्रकार २७१२८ निवडा, फाइल बरोबर १६,३८४ बाइटची यायला हवी. चिपचा आयडी वाचायचा टप्पा आधी बंद करा. त्यात ए९ पिनवर १२ व्होल्टच्या आसपास दाब येतो, आणि मास्क रॉम त्यासाठी बनवलेली नसते. दोनदा वाचून दोन्ही फाइलींचा शा-२५६ (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा) ताडा. जुळलं नाही तर बहुतेक वेळा पाय काळे पडलेले असतात, आयसोप्रोपिलनं पुसून पुन्हा वाचा.

मशीनवरच प्रोग्रॅम लिहून एमओएस वाचायला गेलात तर प्रत अपुरी येते. एफसी०० ते एफईएफएफ या पत्त्यांवर आय/ओ (उपकरणांशी बोलायची जागा) असल्यामुळं रॉमचे तिथले ७६८ बाइट सीपीयूला दिसतच नाहीत. यंत्र घडवणाऱ्यांची नावं नेमकी तिथंच आहेत, आणि ती मुलांना दाखवण्यासारखी आहेत.

कलम_टाउनहॉल

पेनड्राइव्हचा मार्ग मोकळा आहे, फक्त रॉम वगळा. बीबीसी बेसिकच शिकवायचं असेल तर जीपीएलचं ब्रँडी (बीबीसी बेसिक चालवणारा प्रोग्रॅम) डेबियनमध्ये आहे, आणि एसडीएल २.० लायब्ररीवर चालणारं बीबीसी बेसिक झेडलिब या मुक्त परवान्याखाली मिळतं. जीपीएलची बायनरी देताना तिचा सोर्स त्याच पेनड्राइव्हवर ठेवा. नाहीतर आवृत्ती २ च्या कलम ३ नुसार तीन वर्षं सोर्स पुरवायचं लेखी वचन शाळेला द्यावं लागतं, आणि ते कोण सांभाळणार?

पॅकेजवाला_राजारामपुरी

डेबियनच्या रीडमीत दोन गोष्टी लिहा : रॉम कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि फाइलींची नावं नेमकी काय हवीत. रॉम सापडली नाही तर एम्युलेटर नुसता बंद न पडता तो मार्ग संदेशात दाखवेल असा छोटा पॅच करा आणि तो अपस्ट्रीमलाही पाठवा. मग आयटीपी (पॅकेज करायचा इरादा जाहीर करणारा) बग टाका. त्यात रॉम का वगळल्या हे आधीच लिहिलं की परीक्षकाचा पहिला प्रश्न तिथंच मिटतो.