विषय: गाडीत पिस्तूल ठेवावं का? (आणि गौरीचे दागिने)

अभिजित, फ्रिस्को

मंडळी नमस्कार,

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत दोन घरं फुटली. दोन्ही देशी. टीव्ही, लॅपटॉप जागच्या जागी, पण स्वयंपाकघरातला एकूण एक डबा उपडा. आपलं सोनं डाळीच्या डब्यात असतं हे चोरांना आता पाठ झालंय. गौरी-गणपती तोंडावर आलेत, आईने दिलेला चपलाहार घरातच आहे आणि बायकोला रात्रीची झोप नाही.

हँडगन घ्यावी म्हणतो. एक घरात, आणि कार्यक्रमाहून उशिरा परतताना गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये. टेक्सासमध्ये आता परमिट लागत नाही असं ऐकलं. मी एच-वनवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहे, आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर, ग्रीन कार्ड बहुधा नातवंडांच्या मुंजीत मिळेल. कुणाला अनुभव?

रोहन, प्लेनो

घे बिनधास्त. १ सप्टेंबर २०२१ पासून इथे हँडगन जवळ घेऊन फिरायला लायसन्सच लागत नाही. एकवीस पूर्ण हवं, बस. माझी सीटखालीच असते. शनिवारी शूटिंग रेंजवर ये, आधी माझी चालवून बघ, मग कुठली घ्यायची ते ठरव.

सुधीर काका, अर्व्हिंग

अभिजित, थांब. रोहन, तूही थांब.

आधी सांगतो, मी बंदुकीच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांतला नाही. नागरिक आहे, टेक्सासचं एलटीसी (हँडगन जवळ बाळगायचं लायसन्स) काढून बरीच वर्षं झाली. पण रोहनने सांगितला तो राज्याचा कायदा, आणि त्यातही एक अट आहे: ज्याला राज्याच्या किंवा फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, त्याला ही सवलत नाही. अभिजित, तुला मनाई आहे.

फेडरल कायद्याचं कलम ९२२(जी)(५)(बी). नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर देशात आलेल्या माणसाने बंदूक बाळगायची नाही. नुसत्या गोळ्यासुद्धा नाहीत. १९९८ पासून हे आहे. एच-वन, एच-फोर (एच-वनवाल्याचे जोडीदार, मुलं), एल-वन (कंपनीने बदलीवर पाठवलेले), एफ-वन (विद्यार्थी) सगळे यात आले. आय-१४० मंजूर असल्याने काही फरक पडत नाही, ती फक्त रांगेतली चिठ्ठी. कमाल शिक्षा पूर्वी १० वर्षं होती, २०२२ च्या कायद्याने १५ झाली.

"बाळगणे" म्हणजे विकत घेणंच असं नाही. रेंजवर अर्धा तास भाड्याची हातात धरलीस तरी तो ताबाच. आणि रोहन, समोरचा व्हिसावर आहे हे ठाऊक असताना त्याच्या हातात तू बंदूक दिलीस, तर तुझ्यासाठी वेगळं कलम आहे, ९२२(डी). तुझं शनिवारचं आमंत्रण आत्ता चारशे लोकांच्या इनबॉक्समध्ये लेखी पडलंय.

मी स्वतः हा गाढवपणा केलेला आहे. भाचा एल-वनवर ऑस्टिनला होता, त्याला हौसेने रेंजवर नेलं. काउंटरवरच्या बाईंनी क्लिपबोर्ड पुढे केला. त्यात नॉन-इमिग्रंट व्हिसाचा प्रश्न होता. भाच्याने "नाही"च्या चौकटीवर पेन टेकवलंसुद्धा, मीच म्हटलं होतं की कर रे टिक, सगळे करतात. बाईंनी त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स उचललं, त्यावरच्या "लिमिटेड टर्म" (व्हिसाच्या मुदतीपुरतं) या दोन शब्दांवर नख ठेवलं आणि म्हणाल्या, "हनी, वाच जरा." आम्ही कानाच्या पाळ्या लाल करून बाहेर आलो आणि समोर बार्बेक्यू खाल्लं. त्या बाईंचे उपकार आहेत. दुकानात खरेदी करताना तर फॉर्म ४४७३ असतो. त्यात हाच प्रश्न, आणि तिथे खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा.

"मला माहीतच नव्हतं" चालतं का? २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात रेहैफचा खटला झाला. फ्लोरिडात शिकायला आलेला विद्यार्थी, कॉलेजने काढून टाकल्यावर त्याचं स्टेटस (देशात राहण्याचा कायदेशीर दर्जा) गेलं, आणि तो रेंजवर जाऊन गोळ्या झाडून आला. कोर्ट म्हणालं की आपलं स्टेटस काय हे त्याला माहीत होतं, एवढं सरकारने सिद्ध करायला हवं. स्टेटस माहीत होतं, कायदा नव्हे! आपल्यातला कोण म्हणेल की मी एच-वनवर आहे हे मला ठाऊक नव्हतं? आपण तर आय-७९७ (एच-वन मंजुरीचा कागद) सत्यनारायणाच्या पोथीपेक्षा जपून ठेवतो.

ग्रीन कार्डवाल्यांना बंदूक चालते. पण बंदुकीच्या कुठल्याही कायद्याखाली दोषी ठरलात तर त्यांनाही परत पाठवता येतं. आणि (जी)(५) चा गुन्हा इमिग्रेशनच्या यादीत "अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी" (अतिगंभीर गुन्हा) आहे. म्हणजे न्यायाधीशापुढे घर, मुलं, नोकरी सांगून दया मागायचे बहुतेक रस्ते बंद.

केदार, मकिनी

काका, एक पळवाट राहिली. हंटिंग लायसन्स असेल तर व्हिसावाल्यालाही चालतं. मी एफ-वनवर असताना काढलं होतं, पंचवीस डॉलर.

सुधीर काका

पळवाट नाही, कायद्यातच लिहिलेला अपवाद आहे. केदार बरोबर बोलतोय, पण अर्धंच. टेक्सासचं वर्षाचं हंटिंग लायसन्स कधी घेतलं तरी ३१ ऑगस्टला संपतं. १ सप्टेंबरला सकाळी चहा पिताना तू पुन्हा मनाईत, आणि कपाटातली बंदूक आहे तिथेच. गणपती बहुतेक सप्टेंबरात येतात, हे वेगळं सांगायला नको. शिवाय हरणाच्या शिकारीचा कागद खिशात ठेवून, शिकारीला कधीही न जाता, ग्लव्ह बॉक्समध्ये पिस्तूल घेऊन फिरणारा माणूस रात्री दोन वाजता हायवेवर पोलिसाला काय समजावणार? या अपवादावर उडी मारायची तर आधी इमिग्रेशन आणि क्रिमिनल अशा दोन्ही वकिलांना पैसे मोज. तेवढ्यात चपलाहाराला लॉकर येतो.

मेधा, कॅरोल्टन

आमच्याकडे नवऱ्याचं ग्रीन कार्ड, मी अजून एच-वनवर. त्याची गन बेडरूमच्या सेफमध्ये आहे. मी कधी हातही लावलेला नाही. मग माझा काय संबंध?

सुधीर काका

मेधाताई, सेफचा कोड तुम्हाला माहीत आहे का?

मेधा

आमच्या लग्नाची तारीख आहे. :(

सुधीर काका

आजच बदलायला सांगा, आणि नवा विचारू नका. वस्तू माहीत आहे आणि हवी तेव्हा हाताशी येते, एवढ्यावरही ताबा धरतात. त्यांच्या पिस्तुलासकट गाडी तुम्ही एकट्याने कॉस्टकोला नेलीत तर मग बोलायलाच नको.

श्रीरंग, एडिसन (पूर्वी डॅलस, या ई-मेल यादीवर अजून आहे)

रोहनसाठी. ती सीटखालची घेऊन इकडे येऊ नकोस. न्यू जर्सीत टेक्सासचं लायसन्स चालत नाही, आणि परमिटशिवाय हँडगन म्हणजे पाच ते दहा वर्षांचा गुन्हा, त्यातली साधारण साडेतीन वर्षं पॅरोलशिवाय. २०१३ साली फिलाडेल्फियातल्या एका बाईंना अटलांटिक काउंटीत पोलिसाने गाडी थांबवायला लावली. पेनसिल्व्हेनियाचं परमिट होतं, म्हणून त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की पिस्तूल आहे. लगेच अटक, ४६ दिवस तुरुंग. शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस्टींनी माफी दिली. बाई नागरिक होत्या, म्हणून माफीची वाट बघत इथे राहू तरी शकल्या.

गाडीने राज्यं ओलांडायचीच असतील तर फेडरल कायद्याने वाट दिलेली आहे: बंदूक रिकामी, बंदूक आणि गोळ्या डिकीत, हात पोचणार नाही अशा. आणि निघता तिथे नि पोचता तिथे, दोन्हीकडे ती बाळगणं कायदेशीर हवं.

विनय, प्लेनो

विषय निघालाच आहे तर माझी लाज सांगून टाकतो. मी नागरिक, त्यामुळे इथे काही प्रश्न नव्हता. रेंजला नेतो तीच बॅग भारतात नेली. मुंबईहून परतताना चेक-इनच्या स्कॅनरवर ती अडकली. अस्तराच्या फाटलेल्या शिवणीत नऊ मिलिमीटरचं एक काडतूस निघालं. एक. पिस्तूल डॅलसला, त्याची एक गोळी मुंबईत. विमान गेलं, मी विमानतळाच्या पोलीस ठाण्यात, आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ चा गुन्हा. सुप्रीम कोर्ट १९७२ पासून म्हणत आलंय की ताबा जाणीवपूर्वक हवा, आणि त्याच मुद्द्यावर हायकोर्टात माझी केस रद्द झाली. पण तोवर दोन फेऱ्या, वकिलाची फी आणि आईचं वाढलेलं बीपी. नोकरीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये अजून समजावत बसतो. रेंजची बॅग वेगळी ठेवा, तिच्यात दुसरं काही भरू नका.

रोहन

मान्य. आमंत्रण मागे. पण मी गणपतीच्या रात्री दारावर स्वयंसेवक आहे, तेव्हा माझी जवळ असली तर सगळ्यांना बरंच ना?

चिटणीस

अजिबात नाही! आपला हॉल म्हणजे शाळेचं ऑडिटोरियम. शाळेच्या इमारतीत बंदूक नेणं हा टेक्सासमध्ये फेलनी आहे. बाहेर रस्त्यावरही शाळेपासून १००० फुटांत फेडरल कायदा लागतो. त्यातून सुटायला राज्याचं लायसन्स लागतं, आणि तुझ्याकडे ते नाही, कारण तूच वर लिहिलंस की लागतच नाही. नाही तर रिकामी करून, कुलूपबंद पेटीत. सीटखाली नव्हे.

दारावर ऑफ-ड्यूटी पोलीस अधिकारी ठेवतोय, कमिटीने काल मंजूर केलं. रोहन, तुला चपलांच्या रांगेवर टाकलंय.

अभिजित

काका, आभार. विचार सोडला. हार उद्या बँकेत जातोय, गौरीला या वर्षी मोत्यांचा. घराला चार कॅमेरे मागवलेत, पण मागचा दुसऱ्या मजल्याच्या वळचणीला लावायचा आहे. चोवीस फुटी शिडी कुणाकडे आहे का?

केदार

आहे. शनिवारी सकाळी आणतो. चहा ठेव.